बंगला आपला, जमीन सरकारची: शाहूपुरीतल्या एका कुटुंबाचा महाबळेश्वरचा भाडेपट्टा

फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याच्या पेढीवर सातारा जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली. पत्ता पेढीचा होता, नाव मात्र १९७४ साली वारलेल्या आजोबांचं. महाबळेश्वरच्या बंगल्याखालच्या जमिनीचा भाडेपट्टा ३१ जुलै २०१६ रोजी संपला आहे, मुदतीनंतरही आपण जमीन धारण करून आहात, निष्कासन का करू नये, म्हणजे जागेवरून का काढू नये, याचा लेखी खुलासा करावा, असा मजकूर. आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ५३.

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. अशा फायलींत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून ते बांधलं आहे, त्यामुळे माणसं, तारखा आणि बांधकामं रचलेली आहेत; कायदा आणि ठिकाणं खरी आहेत. डोंगरावरची सरकारी पट्ट्याची जागा म्हटलं की लोकांना भाड्याची वाढ आठवते. पण अशा फायली बहुतेक वेळा भाड्यापाशी अडत नाहीत. तीस वर्षांत त्या जागेवर कोणी काय केलं आणि कोणाचं नाव कागदावर आलंच नाही, तिथे त्या अडतात.

जमीन सरकारची कशी

कोल्हापूरकराला डोंगर म्हणजे पन्हाळा. वीस किलोमीटरवर, सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी. पन्हाळा करवीर संस्थानचा होता आणि संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. महाबळेश्वरची गोष्ट वेगळी. १८२९ मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात हा भाग ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि तिथे माल्कम पेठ वसली. पुढे मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात इथे येऊन राहू लागलं, तसे बंगल्यांसाठी जमिनीचे तुकडे पाडून पट्ट्यानं दिले गेले. घर बांधायचं तर बांधा, वार्षिक भुईभाडं भरा, मुदत संपली की पुन्हा विचारा. साहेब गेले, पारशी आणि गुजराती व्यापारी आले, संस्थानिक आले, मग आपल्याकडचे पेढीवाले. घरमालक बदलत गेले तरी जमीन सरकारकडेच राहिली. आज संहितेच्या कलम ३८ खाली अशी जमीन धारण करणाऱ्याला 'शासकीय पट्टेदार' म्हणतात. हा भोगवटादार, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याच्या नावे जमीन असते तो, नव्हे. सातबाऱ्याच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला हा फरक पटायला वेळ लागतो.

आजोबांनी १९५१ मध्ये एका पारशी पट्टेदाराकडून इमारत आणि पट्ट्याची उरलेली मुदत विकत घेतली, तीही कलेक्टरची परवानगी काढून. गुळाच्या निमित्तानं मुंबईच्या व्यापाऱ्यांशी ऊठबस होती, मे महिन्यात तेच लोक महाबळेश्वरला असायचे, म्हणजे बंगला हा त्या काळचा धंद्याचाच खर्च म्हणायचा. संपूर्ण फाईलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक असलेला व्यवहार हा एकच. शेवटचं नूतनीकरण १ ऑगस्ट १९८६ पासून तीस वर्षांसाठी झालं होतं. म्हणजे आजोबा वारल्यावर बारा वर्षांनी. तरी दस्तात पट्टेदार म्हणून आजोबांचंच नाव, 'तर्फे' म्हणून थोरल्या काकांची सही. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. आता घेतली.

दस्त काय म्हणत होता

१९८६ चा दस्त घरात कोणी वाचलेलाच नव्हता. तो पेढीच्या तिजोरीत होता आणि तिजोरीत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असा समज. वकील मॅडमनी पहिल्या भेटीत तो मोठ्यानं वाचायला लावला.

वापर फक्त स्वतःच्या राहण्यासाठी. कलेक्टरच्या लेखी परवानगीशिवाय विक्री, गहाण, पोटभाडं किंवा कोणतंही हस्तांतरण नाही. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम नाही, झाड तोडायचं नाही. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी पट्टेदारानं अर्ज करायचा आणि सरकार 'योग्य वाटतील त्या अटींवर' नूतनीकरण 'करू शकेल'. शर्तभंग झाल्यास पट्टा रद्द. मुदत संपल्यावर इमारत काढून न्यायची किंवा सरकार ठरवील त्या मूल्याला सोडायची.

'करू शकेल' यावर बराच वेळ गेला. थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे थोरले दादा, यांचं म्हणणं, आजवर दोनदा नूतनीकरण झालं, तिसऱ्यांदा होणारच, तो आपला हक्क. तसं नाही. आधी दोनदा दिलं म्हणून तिसऱ्यांदा द्यायलाच हवं, असं या दस्तात कुठेही नाही. पट्टेदाराला इतकंच मागता येतं की अर्जाचा विचार करा, मनमानी करू नका, शेजारच्या प्लॉटला जो नियम लावला तोच आम्हाला लावा. हे कमी नाही. पण हे घराच्या मालकीपेक्षा फार वेगळं आहे, आणि एकदा हे मान्य केलं की उत्तराची भाषाच बदलते.

तीस वर्षांत काय झालं

वकील मॅडमनी घरच्यांना सांगितलं, सरकारच्या फाईलमध्ये आपल्याविरुद्ध काय आहे ते आधी पाहू, मग उत्तर लिहू. माहितीच्या अधिकारात अर्ज करून फाईलची पाहणी केली आणि नकला काढल्या. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल हेच. बहुतेक लोक नोटिशीला उत्तर लिहितात ते सरकारला काय माहीत आहे याचा अंदाज बांधून, आणि अंदाज चुकला की तेच उत्तर त्यांच्या गळ्यात येतं.

फाईलमध्ये चार गोष्टी निघाल्या.

पहिली बांधकामाची. मूळ बंगला जांभ्या दगडाचा, चहूबाजूंनी व्हरांडा. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उघडा व्हरांडा चार महिने निरुपयोगी होतो. म्हणून १९९८ मध्ये दोन बाजू विटांनी बंद केल्या. २००९ मध्ये मागच्या अंगाला दोन खोल्या आणि न्हाणीघर काढलं. दोन्हींना परवानगी नाही. पण दोन्ही एका मापानं मोजता येत नाहीत, कारण मध्ये १७ जानेवारी २००१ ही तारीख आहे. त्या दिवशी केंद्र सरकारनं पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. १९९८ चा व्हरांडा हा नगरपरिषद आणि पट्टा यांच्या नियमांचा प्रश्न. दंड भरून तो नियमित करण्याबद्दल निदान बोलता तरी येतं. २००९ च्या खोल्यांना ती वाट जवळजवळ बंद.

दुसरी होमस्टेची. धाकट्या काकांचा मुलगा, घरात त्याला सगळे बापू म्हणतात, २०१४ पासून तिथल्या चार खोल्या ऑनलाइन बुकिंगवर देत होता. तलाठ्यांच्या पंचनाम्यात पाटीचा फोटो होता, दरपत्रक होतं, एका पर्यटकाचा जबाबही होता. बापूचा बचाव असा की त्यानं पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली आहे, म्हणजे सरकारनंच परवानगी दिली. हा गैरसमज डोंगरावर सर्रास आहे. पर्यटनाची नोंदणी ही पाहुणे ठेवण्याच्या सोयींबद्दल असते. जमिनीच्या पट्ट्यातली 'स्वतःच्या राहण्यासाठी' ही अट ती बदलत नाही. जमीन महसूल खात्याची, अट महसूल खात्याची, आणि ती बदलायची तर परवानगीही त्यांचीच.

तिसरी विसारपावतीची, आणि हिच्यामुळे घरात खरी आग लागली. २०११ मध्ये थोरल्या काकांनी, हयात असताना, पुण्याच्या एका बिल्डरशी बंगला देण्याचा करार करून विसार घेतला होता. व्यवहार पुढे सरकला नाही, पैसे परत गेले. पण बिल्डरनं त्या वेळी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली होती आणि तहसील कार्यालयातल्या कोणा दक्ष कारकुनानं तिचं कात्रण फाईलला चिकटवून ठेवलं होतं. चौदा वर्षांनी ते कात्रण समोर आलं. थोरल्या दादांना वडिलांनी असं काही केलं होतं हेच ठाऊक नव्हतं. बापूला ठाऊक होतं.

चौथी गोष्ट सरकारच्या विरुद्ध जाणारी निघाली. डिसेंबर २०१५ चा एक अर्ज. थोरल्या काकांनीच दिलेला, 'पट्ट्याच्या नूतनीकरणाबाबत', बारनिशीचा शिक्का आणि आवक क्रमांकासह. मुदत जुलै २०१६ ला संपत होती, म्हणजे सहा महिन्यांची अट पाळली गेली होती. त्या अर्जावर एक टिपणी झाली, 'वारसांबाबत कागदपत्रे मागवावीत' असा शेरा पडला आणि नस्ती तिथेच थांबली. घरी कोणतंही पत्र आलं नाही. त्याउलट २०१९ पर्यंत जुन्याच दरानं भरलेली भुईभाड्याची चलनं सरकारनं स्वीकारली.

ज्या काकांनी पट्टा मोडीत काढण्याजोगा करार केला, त्यांनीच पुढे वेळेत अर्जही केला. माणसं अशीच असतात. फाईलमध्ये मात्र दोन्ही कागद एकाच दोरीत बांधलेले असतात.

पाडव्याची बैठक

गुढीपाडव्याला शाहूपुरीच्या घरी सगळे जमले. कायद्याचे सल्ले देणारे नातेवाईक अशा वेळी कमी नसतात, त्यातले तीन सल्ले इथे नोंदवण्यासारखे आहेत, कारण ते प्रत्येक घरात दिले जातात.

एक, 'सत्तर-पंच्याहत्तर वर्षं कब्जा आहे, आता जागा आपलीच.' पट्ट्यानं आलेला माणूस जमीनमालकाची मालकी मान्य करूनच आत येतो. त्याचा कब्जा विरोधी कब्जा ठरत नाही. बारा वर्षांच्या विरोधी कब्ज्यानं मालकी मिळते हा हिशेबही सरकारी जमिनीला लागत नाही, तिथे मुदत कायद्यानं तीस वर्षं ठेवली आहेत. विषय संपला.

दोन, 'घरपट्टी आपण भरतो.' घरपट्टी इमारतीची. ती भरल्यानं जमिनीवर हक्क येत नाही.

तीन जरा वजनदार होता. सांगलीच्या मेव्हण्यांनी मांडला: मुदत संपल्यावरही सरकारनं भाडं घेतलं, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे पट्टा पुढे चालू राहिला. खाजगी मालकाच्या बाबतीत हा मुद्दा लढवता येतो. सरकारच्या बाबतीत वाट अवघड आहे. सरकारी दानपत्रं आणि पट्टे त्यांच्या शब्दांप्रमाणेच वाचायचे, अशी सोय १८९५ च्या गव्हर्नमेंट ग्रँट्स अ‍ॅक्टनं करून ठेवली होती. शिवाय सरकारचा करार राज्यपालांच्या नावानं, रीतसर सहीनं व्हावा लागतो, हे संविधानाचं कलम २९९ सांगतं. कोषागारात चलन जमा झालं म्हणून तीस वर्षांचा नवा पट्टा जन्माला येत नाही. वकील मॅडमनी चलनं उत्तरात वापरली, पण वेगळ्या कामासाठी. आम्ही लपून बसलो नव्हतो, सरकारला आमचा कब्जा माहीत होता आणि त्यानं तो चालू दिला, एवढंच त्यांवरून दाखवायचं.

इथे कुटुंबाच्या बाजूनं असलेली गोष्टही सांगायला हवी. पट्टा संपला म्हणून सरकारला उद्या सकाळी कुलूप तोडून आत शिरता येत नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध महाराजा धर्मेंद्र प्रसाद सिंह या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुदत संपल्यावरही पट्टेदाराचा कब्जा कायद्यानं संरक्षित असतो. त्याला काढायचं तर कायदेशीर मार्गानंच, बळानं नाही. कलम ५३ हा तो मार्ग आहे आणि म्हणूनच आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला घाबरून जायचं नाही, आणि ती दुर्लक्षही करायची नाही.

बैठकीतला खरा पेच मात्र कायद्याचा नव्हता. आजोबांच्या मागे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. भावांच्या घरांत असा समज होता की मुलींचा हिस्सा २००५ च्या दुरुस्तीनंतर आला आणि ही जुनी मिळकत असल्यानं आत्यांचा संबंध नाही. बंगला आजोबांनी स्वतः कमावून घेतलेला होता. १९७४ मध्ये, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाखाली, मुली मुलांच्या बरोबरीनं वारस झालेल्याच होत्या. २००५ ची गरजच नव्हती. थोरल्या आत्ती गडहिंग्लजला असतात, वय चौऱ्याऐंशी. धाकट्या आत्ती वारल्या, त्यांची मुलं नाशिकला. दादांनी हक्कसोडपत्राचा कागद तयारच ठेवला होता. आत्तींनी तो हातात घेतला आणि न वाचता परत दिला.

"आमचं नाव कागदावर येऊ दे की आधी. सोडायचं का धरायचं ते मग बघू."

कायद्यानंही त्यांचंच बरोबर होतं. संपलेल्या पट्ट्यात, नोंद नसलेल्या वारसाकडून, परवानगी नसताना हक्क सोडून घेणं म्हणजे शर्तभंगाच्या यादीत आपल्या हातानं पाचवी भर घालणं. २०१५ चा अर्ज ज्या शेऱ्यापाशी थांबला होता तोही वारसांचाच होता. घरातला सर्वांत नकोसा प्रश्न तोच सरकारचाही पहिला प्रश्न निघाला.

उत्तर

खुलासा एप्रिलमध्ये गेला. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. नूतनीकरणाची मागणी आणि शर्तभंगाचा खुलासा हे दोन स्वतंत्र कागद केले. पहिल्यात डिसेंबर २०१५ चा अर्ज, आवक क्रमांक आणि चलनं: आम्ही वेळेत अर्ज केला, त्यावर निर्णय झालेला नाही, तो आधी करा. दुसऱ्यात जे झालं ते मान्य केलं. होमस्टे बंद केला. २००९ च्या खोल्या स्वखर्चानं पाडतो. १९९८ च्या व्हरांड्याचा दंड आकारून निर्णय घ्यावा. २०११ च्या करारानं ताबा गेला नाही, तो रद्द झाला, रद्दलेख सोबत. सगळ्या वारसांच्या सह्या, आत्तींचीही.

बापूचा याला विरोध होता. पंचनामा नीट नाही, साक्षीदार फिरवता येतील, कबूल कशाला करायचं? माझं मत वकील मॅडमच्या बाजूचं आहे, आणि ते नीतीच्या कारणानं नाही. कलम ५३ च्या लढाईत पंचनाम्यातल्या चुका दाखवून निष्कासन लांबवता येतं. पण नूतनीकरण त्याच अधिकाऱ्याकडे मागायचं असतं आणि ते त्याच्या विवेकाधीन आहे. एका टेबलावर नाकारायचं आणि शेजारच्या टेबलावर मागायचं, असं जमत नाही.

ऑगस्टमध्ये बापूनं पुन्हा उचल खाल्ली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि साताराही त्याच्या सहा जिल्ह्यांत आहे. सरकारविरुद्धची जी रिट याचिका मुंबईला जाऊन करावी लागली असती ती आता भाऊसिंगजी रोडवर करता येते. "कोर्ट दारात आलंय, टाकूया की केस." चाळीस-पन्नास वर्षं ज्या मागणीसाठी इथल्या वकिलांनी आंदोलनं केली ती पूर्ण झाल्याचा आनंद वकील मॅडमनाही होताच. पण अजून आदेशच झाला नव्हता. नोटिशीच्या टप्प्यावर रिट केली तर आधी उत्तर द्या म्हणून परत पाठवतील, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश विरुद्ध गेला तरी आधी कलम २४७ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील आहे. कोर्ट जवळ आलं म्हणून पायऱ्या कमी होत नाहीत. रिटसाठी एकच जागा राखून ठेवली: २०१५ च्या अर्जावर निर्णयच देत नसतील तर ठराविक मुदतीत निर्णय द्या, एवढ्यापुरती.

भाडं

आता पैशाचं. जुनं भुईभाडं वर्षाला काही शे रुपयांत होतं. सरकारची तक्रार इथे रास्त आहे, हे पट्टेदारांच्या बाजूनं काम करणाऱ्यांनीही मान्य करावं. ज्या जागेवर एका मोठ्या सुट्टीत लाखाची बुकिंग होते तिचं वर्षाचं भाडं एका जेवणाच्या बिलाएवढं असेल, तर तो बोजा बाकीच्या जनतेवर पडतो. मात्र अर्ज नऊ वर्षं दाबून ठेवायचा आणि मग एकदम निष्कासनाची नोटीस काढायची, हेही रास्त नाही.

नवा दर किती येईल याचा अंदाज बांधायला मुंबईच्या धोरणाकडे बघितलं गेलं. ते धोरण साताऱ्याला जसंच्या तसं लागत नाही. फक्त सरकारच्या विचाराची दिशा त्यातून कळते. १२ डिसेंबर २०१२ च्या शासन निर्णयात रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे, येणाऱ्या जमिनीच्या किमतीचे २५ टक्के धरून त्यावर वापरानुसार टक्केवारी लावली आहे, निवासी वापराला २ टक्के, व्यापारी वापराला ५ टक्के. समजा, प्लॉट २,००० चौरस मीटरचा आणि दर चौरस मीटरला १०,००० रुपये. किंमत दोन कोटी. त्याचे २५ टक्के पन्नास लाख. निवासी भाडं वर्षाला एक लाख, व्यापारी अडीच लाख. आकडे उदाहरणाचे, पण होमस्टे चालू ठेवून नूतनीकरण मागायचं की बंद करून, याचं उत्तर या एका गणितात मिळतं. २०१६ पासूनची थकबाकी निवासी दरानं नऊ-दहा लाखांच्या घरात जाते, व्याज वेगळं.

वांद्र्याच्या गृहनिर्माण संस्थांनी या धोरणाला आव्हान दिलं होतं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं भाडं रेडीरेकनरशी जोडणं योग्य ठरवलं, पण पट्ट्याच्या मुदतीत दर पाच वर्षांनी ते वाढवण्याला मान्यता दिली नाही. म्हणून नव्या दस्ताच्या मसुद्यात दरवाढीचं कलम आहे का, ते कोणत्या शब्दांत आहे, हे सहीच्या आधी वाचायचं. १९८६ चा दस्त तिजोरीत गेला तसा हा जाता कामा नये.

मुद्रांक शुल्काचा विचार तर कोणीच केला नव्हता. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६ मध्ये भाडेपट्ट्याचे टप्पे आहेत: दहा वर्षांपेक्षा जास्त आणि एकोणतीस वर्षांपर्यंत असेल तर बाजारमूल्याच्या ५० टक्के रकमेवर शुल्क, एकोणतिसाच्या वर गेलं की ९० टक्के रकमेवर. सरकारी पट्टा परंपरेनं तीस वर्षांचा. म्हणजे शेवटच्या एका वर्षासाठी वरचा टप्पा. वरच्याच उदाहरणात शुल्काचा दर पाच टक्के धरला तर फरक चार लाखांचा पडतो. सरकारी पट्ट्यात मूल्य कोणतं धरायचं हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो, म्हणून मसुदा आधी कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते आधीच ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं ठरलं. मुदत एकोणतीस वर्षांची मागावी का, असंही दादांनी विचारलं. मागायला हरकत नाही, पण तीस हा धोरणातला आकडा असेल तर एका वर्षासाठी फाईल मंत्रालयात जाऊन बसेल. मागितली नाही.

जमीन कायमची आपल्या नावावर करून घेण्याचा मार्गही चर्चेत आला. मार्च २०१९ च्या नियमांनी भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर बंधन असलेल्या) आणि पट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ (बंधनमुक्त) मध्ये रूपांतरित करण्याची सोय केली, सुरुवातीला सवलतीच्या दरानं. पण हातात जिवंत पट्टा नाही, शर्तभंग नियमित झालेला नाही, वारसांची नोंद नाही, आणि वर संवेदनशील क्षेत्र. आधी पट्टा, मग पुढचं.

मोजणी आणि त्यानंतर

पावसाळ्यात तिथे मोजणी होत नाही. नोव्हेंबरमध्ये भूमी अभिलेखचे भूकरमापक आले. मागच्या बाजूचं कुंपण रस्त्याच्या हद्दीत थोडं सरकलेलं निघालं. ते आत घ्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं आणि तसा जबाब दिला. २००९ च्या खोल्या त्याआधीच पाडल्या होत्या, नगरपरिषदेच्या पत्रासह आणि फोटोंसह. पाडताना मागचं एक जांभळाचं झाड आड येत होतं. मजुरानं कोयता काढला, दादांनी तो हातातून घेतला. वृक्षतोडीचा गुन्हा ऐन मोजणीच्या तोंडावर परवडणारा नव्हता.

वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला. मिळकत पत्रिकेवर आता आजोबांच्या नावाखाली सात नावं आहेत, पहिलं थोरल्या आत्तींचं. तहसीलदारांचा अहवाल वाईच्या प्रांतांमार्फत साताऱ्याला गेला आहे, शिफारस नूतनीकरणाची, निवासी वापरापुरती, मुदत १ ऑगस्ट २०१६ पासून मोजून. पूर्वलक्षी मुदतीमुळे थकबाकी भरावी लागेल, पण मधली नऊ वर्षं अनधिकृत ठरणार नाहीत. आणि तीस वर्षांतली ती नऊ वर्षं खर्ची पडलेली असल्यानं पुढचा अर्ज ३१ जुलै २०४६ च्या आधी सहा महिने द्यायचा आहे. तेव्हा तो कोणी द्यायचा, हेही लेखी ठरलं: दादांची मुलगी, जिच्या नावे सगळ्यांनी नोंदणीकृत मुखत्यारपत्र केलं आहे.

थकबाकी सात हिश्शांत कशी वाटायची यावर अजून एकमत नाही. धाकट्या आत्तींच्या नाशिकच्या मुलांचं म्हणणं, २०१४ पासून उत्पन्न बापूनं घेतलं, तर निवासी आणि व्यापारी दरातला जो काही फरक सरकार दंड म्हणून लावील तो त्यानं एकट्यानं भरावा. मला ते बरोबर वाटतं. बापूला वाटत नाही. दस्त नोंदवला जाईपर्यंत बंगला कोणालाही भाड्यानं द्यायचा नाही, या कागदावर मात्र त्यानंही सही केली आहे. बुकिंगच्या ॲपवरचं पान काढलं का, असं आत्ती दर फोनला विचारतात, आणि तो "काढतो की आज" म्हणतो.